पथ्याचं वाण

हे माझ्या मुलीला ठाऊक नाही. सुनेला नाही, नातवंडांना तर नाहीच. ज्यांना सांगायला हवं होतं, ते न ऐकताच गेले. ज्या तोंडानं मी सगळ्या गल्लीची उणीदुणी काढली, त्याच तोंडात ही एक गोष्ट सुपारीच्या खांडासारखी गालाशी धरून बसले — ना चावली, ना गिळली, ना थुंकली. आज तुमच्यासमोर थुंकते आहे. जरा बाजूला सरकून बसा, साडीवर उडेल.

आधी तेव्हाची मी कशी होते ते ऐका. आजची मी बोळकी, नातवंडांशी पत्त्यांत चोरी करणारी, सुनेनं लपवलेली लोणच्याची बरणी हुडकून काढणारी म्हातारी आहे. पण तेव्हा? तेव्हा मी मलकापूरच्या आमच्या गल्लीची बिनपगारी न्यायाधीश होते. संध्याकाळी ओट्यावर बसायचं, आणि कोणाची सून उद्धट, कोणाची भाजी पाणचट, कोणाचं लुगडं उसनं — सगळ्याचा निकाल लावून मगच दिवाबत्तीला उठायचं. मी हसले की बाया हसायच्या. मी नाक मुरडलं की त्यांनाही वास यायचा.

आणि माझा हात! बाई गं, काय मिरवला मी तो हात! बारसं असो, साखरपुडा असो, पुरण माझ्या देखरेखीखाली शिजायचं. "काकूंच्या हाताला गोडी हाय" — हे वाक्य ऐकलं की मी न ऐकल्यासारखं करायचे आणि वाढताना बांगड्या जरा जास्तच वाजवायचे. कोंबडीला मोराचा तुरा असता तर ती अशीच चालली असती.

सुनंदा आमच्या मागच्या घरात सून म्हणून आली. नवरा ट्रकवर, महिन्यातले थोडेच दिवस घरी. तिनं पुढच्या खोलीत दुकान टाकलं. साबण, बिस्किटं, चहापत्ती, दारात लटकणाऱ्या चिप्सच्या माळा — गल्लीबोळातलं दुकान असतं तसंच. मग तिच्या वडिलांचं साखरेपायी पाऊल कापावं लागलं. दुसरबीडला माहेरी जाऊन, त्यांना बघून ती परत आली आणि तिनं दुकानात एक फळी रिकामी केली. तिथे कळण्याचं पीठ ठेवलं — ज्वारीत उडीद घालून दळलेलं. ज्वारीच्या लाह्या ठेवल्या, भाजके फुटाणे, ओल्या फडक्यात बांधलेली मोडाची मटकी. आणि काचेच्या बरणीत जवसाची चटणी, स्वतःच्या हातानं कांडलेली.

बाया यायच्या, बघायच्या, पिशवी उचलून वास घ्यायच्या आणि ठेवून द्यायच्या. का? आता तुम्ही म्हणाल, ज्वारी काय आम्हाला नवीन होती? आम्ही तर तिच्यावरच वाढलो. पण आमच्याकडे एक गंमत आहे. शेतातून ज्वारीचं पोतं घरी येणं वेगळं, आणि दुकानातून किलोभर पीठ पिशवीत घालून नेणं वेगळं. पहिल्यात तोरा आहे. दुसऱ्यात चर्चा आहे — एक तर शेत गेलं, नाही तर घरात कोणी दुखण्याला आलं. पिशवी हातात दिसली की समोरच्या ओट्यावरून प्रश्न आलाच, "काऊन वो, बरं नाही का कोनाले घरी?" आणि हा प्रश्न विचारणारी बहुतेक वेळा कोण असायची, ते मी सांगायला हवं का?

त्याच हिवाळ्यात आमच्या ह्यांना साखर निघाली.

हे कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून होते. शांत माणूस. माझ्या बडबडीत चाळीस-एक शब्दांत दिवस काढणारा. डॉक्टरनं सांगितलं — गोड बंद, भात कमी, पोळीऐवजी भाकरी. मी मान हलवली, बाहेर आले, आणि दवाखान्याच्या पायरीवर पहिला विचार काय आला, माहीत आहे? ह्यांचं काय होईल, हा नाही. बाया काय म्हणतील, हा. म्हणतील — बायकोच्याच हातचं गोड खाऊन नवरा साखरेला लागला. तो हात! ज्याच्यावर मी राज्य करत होते, तोच.

मी ह्यांना बजावलं, कोणाला बोलायचं नाही. ते म्हणाले, "बरं." त्यांचं नेहमीचंच.

पण भाकरीचं पीठ आणायचं कुठून? आमच्या शेताची वाटणी होऊन गेलेली, पोतं यायचं बंद झालेलं. चक्कीवर ज्वारी न्यावी तर चक्कीवाला आधी विचारणार. राहिली सुनंदा. तिचं परसदार आणि माझ्या स्वयंपाकघराचं मागचं दार एकाच बोळात उघडायचं, आणि त्या बोळात आम्हा दोघींशिवाय कोणाचं दार नव्हतं. भरदुपारी, गल्ली वामकुक्षी घेत असताना, मी पदर डोक्यावरून ओढून तिच्या दारात गेले. चोरानंही इतका घाम गाळला नसेल. म्हटलं, "सुनंदा, कोनाले सांगजो नको."

तिनं काही विचारलं नाही. तिच्या बापाचं पाऊल गेलेलं — तिला काय विचारायचं होतं? तेव्हापासून दुपारी परसातल्या भिंतीवर कापडी पिशवी दिसायची. मी ती उचलायचे, रिकामी परत ठेवायचे. पुढच्या दारानं मात्र मी तिच्याकडून फक्त साबण न्यायचे, सगळ्यांना दिसेल असा.

इथवर ऐकून तुम्हाला वाटत असेल, म्हातारी उगाच एवढा आव आणते आहे. नवऱ्याचा आजार लपवला, त्यात काय? थांबा. मी अजून आडवळणानंच चालले आहे. मलाच कळतंय.

एका दिवशी पिशवीत पिठाबरोबर चटणीची पुडी होती. तिनंच घातलेली, न मागता. मी ती ताटात डाव्या बाजूला वाढली. ह्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, चटणीला लावला, खाल्ला. परत लावला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "कोनं केली वो ही?"

आता सांगायला काय हरकत होती? मुलगा बाहेरगावी, घरात आम्ही दोघंच. पीठ कुठून येतं ते त्यांना माहीत होतं. सुनंदानं केली म्हटलं असतं तर आभाळ कोसळलं असतं का? पण त्यांचा चेहरा — माझ्या पुरणपोळीला पाहून तो चेहरा व्हायचा. पोळी बंद झाल्यापासून मी तो पाहिला नव्हता. मी म्हटलं, "मी. दुसऱ्या कोनाची हिंमत हाय?"

हसले ते. म्हणाले, "चला, हात शाबूत हाय तुझा." आणि रोज मागू लागले. मुलगी मंगल आली की तिच्याबरोबर डबा भरून द्यायला लावायचे — आईच्या हातची ने म्हणून. मी भिंतीवरची पिशवी उचलायचे, चटणी माझ्या डब्यात ओतायचे.

मग संक्रांत आली.

सुनंदाकडे हळदी-कुंकू होतं. आमच्याकडे प्रत्येकीनं आपापल्या घरी बोलवायचं आणि काहीतरी वाण लुटायचं — वाटी, गाळणी, आरसा, प्लॅस्टिकचा डबा. सवाष्णीनं ते पदरात घेऊन घरी न्यायचं. त्या वस्तूबरोबर घरात काय जातं, हे कोणी बोलत नाही, पण मनात सगळ्या धरतात. नवऱ्याच्या आयुष्याची गोष्ट असते ती.

सुनंदाची चूक एवढीच, की तिनं वाण म्हणून जवसाच्या चटणीची आणि लाह्यांची पुडी दिली. लाल दोऱ्यानं बांधलेली, वर हळदीचं बोट. तिचा विचार साधा होता — एकदा खाल्लं की बाया आपणहून येतील. शेजारची शेवंता पुडी हुंगून म्हणाली, "वास त भारीच येऊन राह्यला वो!" दोघी-तिघींनी लगेच नाकाशी धरल्या. मी पाहत होते. तिचं दुकान त्या क्षणी उभं राहत होतं.

ती माझ्यापुढे आली. कुंकू लावलं, पुडी दिली, आणि मग परकराच्या खिशातून काढावी तशी कमरेला खोचलेली दुसरी, मोठी पुडी काढली. वाकून हळू आवाजात म्हणाली, "काकू, ही वेगळी बांधली. काकांना—"

काकांना. एवढंच. पुढचं तिला बोलूच दिलं नाही मी. शेवंताचे कान टवकारलेले दिसले आणि माझं तोंड आपोआप सुटलं. सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हटलं, "काय वो सुनंदा, हळदी-कुंकवाले पथ्याचं वाण? कोनाच्या घरचं दुखनं वाटून राह्यली माय तू?"

हसल्या. सगळ्या हसल्या. माझ्या विनोदाला न हसण्याची पद्धतच नव्हती. आणि मग हसू विरताना एकेकीच्या चेहऱ्यावर दुसरंच काहीतरी आलं. दुखणं वाटून राह्यली — हे त्यांच्या आत जाऊन बसलं. शेवंतानं पुडी पदरातून काढून खिडकीत ठेवली. "राहू दे वो, आमच्याकडं कोनी खात नाही." मग दुसरीनं. मग तिसरीनं. चपला घालताना दाराजवळच्या फडताळावर एकीनं, पायरीवर एकीनं. कोणाला घरी न्यायची नव्हती ती.

मी मागे वळून पाहिलं. सुनंदा खिडकीतल्या पुड्या गोळा करत होती. हळदीचं बोट लावलेल्या. पदरात.

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. एका शब्दानं ती मला उघडी पाडू शकली असती. "काकू, मग रोज दुपारी नेता ते काय?" एवढं म्हटलं असतं तरी माझं न्यायालय तिथेच बरखास्त झालं असतं. पण ती नाही बोलली. का नाही बोलली? मी "कोनाले सांगजो नको" म्हटलं होतं म्हणून? इतकीच गोष्ट होती का ती?

मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आले, की मंगलचं लग्न व्हायचं होतं, घराण्यात साखर आहे कळलं असतं तर चांगलं स्थळ हातचं गेलं असतं. ऐकायला बरं वाटतं ना? मलाही वाटायचं. पण मंगल तेव्हा एका पोरीची आई होती. नुकतंच नाही का मी सांगितलं, डबा न्यायची म्हणून? बघा, म्हातारी स्वतःच्या खोट्यात स्वतःच अडकते.

दुसऱ्या दिवशी दुपारी भिंतीवर पिशवी होती. नेहमीसारखी. पिठावर ती मोठी पुडी, लाल दोऱ्याची. मी ती उचलली. हो, उचलली. ह्यांना वाढली.

गल्लीनं तिच्या दुकानाला "पथ्याचं दुकान" नाव ठेवलं. पोरंसोरंही तेच म्हणू लागली. मी एकदा दिलेलं नाव परत कोणी पुसलं नाही. फळीवरच्या पिठाला जाळी धरू लागली, लाह्या मऊ पडल्या. तरी तिनं ती फळी ठेवली. मला वाटायचं, हट्टी आहे बाई. आता वाटतं, माझी पिशवी भरायची होती म्हणून ठेवली असेल.

मग कॉलेजच्या दोन पोरी आल्या. गल्लीतल्या दुकानात तब्येतीला चांगलं असं खायला मिळतं का, लोक ते घेतात का, नसतील तर का नाही — असं गिऱ्हाइकांना विचारत फिरत होत्या. त्या सुनंदाच्या ओट्याशीच थांबल्या. आम्ही पाच-सहा जणी तिथे भाजीवालीशी घासाघीस करत होतो. सुनंदा आत, काउंटरमागे. तिचा हात बरणी पुसत होता. पोरींनी विचारलं तसा तो हात थांबला.

तिला वाटलं असेल, आता तरी. कोणीतरी बोलेल. बाहेरच्या माणसांपुढे, निदान एक तरी.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. पहिलं उत्तर माझं, हा तर गल्लीचा कायदाच.

मी म्हटलं, "आमच्या गल्लीत कोनी आजारी नाही, पोरीहो. इथं हे कोनी घेत नाही."

झालं. मग सगळ्या सुटल्या. "पोराईले पाकिटातलंच लागते." "पाहुन्याले दुकानच्या पिठाची भाकर वाढली त नाक कापते आमचं." "महिनाभर पडून राहते ते पीठ, अळ्या होतात." पोरी मान डोलावून पुढच्या गल्लीत गेल्या. आत बरणी पुसली जाऊ लागली. खूप वेळ पुसली गेली.

त्याच आठवड्यात ती फळी रिकामी झाली. तिथे रंगीत पाकिटं आली, पोरांची गर्दी वाढली. भिंतीवर पिशवी दिसायची थांबली.

मी काही दिवस त्या बोळात जात राहिले. भिंत बघून परत यायचे.

आता सांगा, मी काय केलं असेल? बाजारात जाऊन राजरोस ज्वारी आणली असेल? नाही हो. मी परत कणीक मळली. ह्यांनी पोळीकडे पाहून विचारलं, "काऊन वो, भाकर नाही आज?" म्हटलं, ज्वारी चांगली येऊन नाही राह्यली. चटणी? जवसही चांगलं येऊन नाही राह्यलं. त्यांनी "बरं" म्हटलं आणि पोळी खाल्ली. त्या दिवशी खाल्ली, मग रोजच खाल्ली.

पुढच्या काही वर्षांत त्यांचे डोळे अधू झाले, पायाची जखम भरेना, आणि मग एका सकाळी चहा पिता पिता छातीला हात लावून ते गेले. डॉक्टरनं हृदयाचं सांगितलं. माझ्यामुळे गेले, असं मी म्हणत नाही. माझ्यामुळे नाही, असंही म्हणत नाही. शेवटच्या दिवसांत एकदा म्हणाले होते, "तुझी ती चटनी परत कर ना वो." मी म्हटलं, करते.

आमच्याकडे माणूस गेलं की त्या घरात चूल पेटत नाही. शेजारपाजारचे पिठलं-भाकरी आणतात. पहिली कोण आली असेल?

सुनंदा आली. मागच्या बोळातून नाही — पुढच्या दारानं, भरल्या गल्लीतून, कमरेवर टोपलं घेऊन. कळण्याच्या भाकरी, आणि वाटीत जवसाची चटणी. सगळ्या बाया बसलेल्या. सगळ्यांनी खाल्लं. सुतकातल्या घरी कोणी नावं ठेवत नाही ना! शेवंता दुसरी भाकरी घेताना डोळे पुसत म्हणाली, "हे पीठ ठेवे ना वो तू दुकानात. मले घ्याचं होतं. आमच्या घरीही साखर हाय, कोनाले सांगितलं नाही. पन सारे हसले मंग…" आणि माझ्याकडे न बघता तिनं घास तोंडात घातला.

तेव्हा मंगलनं चटणी चाखली. रडून रडून सुजलेलं तोंड तिचं, क्षणभर उजळलं. म्हणाली, "आई, ही तर तुझीच! बाबा द्यायचे ती. अगदी तीच!"

खोलीत सगळ्यांना ऐकू गेलं. सुनंदा दारात उभी होती, रिकामं टोपलं हातात. तिनं माझ्याकडे पाहिलं. संक्रांतीनंतर पहिल्यांदा सरळ पाहिलं. आणि तिला सगळं कळलं — तिची चटणी माझ्या घरात कोणाची म्हणून खाल्ली गेली ते.

मी बोलायला हवं होतं. नवऱ्याचं प्रेत नुकतंच घरातून गेलेलं, आता कोणती इज्जत उरली होती राखायला? माझं तोंड, कधी न थांबणारं — ते बंदच राहिलं.

सुनंदा म्हणाली, "हाव ताई. काकूंजवळूनच शिकली मी."

आणि टोपलं घेऊन गेली.

त्यानंतर वर्षभरात तिनं दुकान बंद केलं आणि नवऱ्यासकट दुसरबीडला भावाजवळ राहायला गेली. जाताना पाया पडायला आली होती. मी डोक्यावर हात ठेवला. तोच हात. बस दुसरबीडला रोज जाते, फोन घरात प्रत्येकाच्या खिशात आहे. मी गेले नाही, केला नाही.

हल्ली नातसून ज्वारीचं पीठ ऑनलाइन मागवते, चकचकीत पिशवीतलं, आणि पाहुण्यांना कौतुकानं दाखवते. मंगल येते तेव्हा म्हणते, आई, बाबांची चटणी कर ना. मी करते. जवस भाजते, लसूण, मिरची, जिरं, मीठ. सुनंदा आणखी काय घालायची, किती भाजायची, मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही. कशी विचारणार होते? सगळे चाखतात, एकमेकांकडे बघतात, आणि मंगल माझ्या पाठीवर हात फिरवत म्हणते, "जाऊ दे गं. वय झालं, हाताची चव जाते माणसाच्या."

मी हसते. बोळक्या तोंडानं. मग ताटं उचलतात, आणि उरलेली चटणी डब्यात भरून माझ्यापुढे ठेवतात. डब्यावर मंगलनं लिहिलेलं असतं — आईची.